अर्ध्या बादलीचा गुन्हा

कलमकाका आंघोळीला बसले आणि अंगावर ओतलेलं पाणी खाली जायच्याऐवजी वर आलं.

बरं, वर आलं ते नुसतं पाणी असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण त्यावर पिवळट रंगाचा, सायीसारखा दिसणारा आणि सायीशी काहीही संबंध नसलेला एक जाड थर होता. त्या थराला जो वास होता त्याचं वर्णन सभ्य माणसांत करता येत नाही. काका डोळ्यांत साबण, कमरेला टॉवेल आणि तोंडात "हा काय प्रकार आहे?" एवढंच वाक्य घेऊन बाहेर आले. काकूंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा त्यांच्या पावलांमागून येणाऱ्या ओघळाकडे पाहिलं आणि आधी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

कलमकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. विमा कंपनीत लोकांचे दावे नामंजूर करण्यात त्यांची उभी हयात गेली होती. कुणीही काहीही म्हणालं की पान उलटून मागच्या बारीक अक्षरातलं कलम दाखवायचं, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. लिफ्टमध्ये चौथा माणूस शिरला तरी काका कलम सांगत. इमारतीतल्या लोकांनी मग त्यांचं बारसं करून टाकलं.

प्लंबर आला, वाकला, कोपरापर्यंत हात घालून त्याने मुठीएवढा एक गोळा बाहेर काढला आणि उजेडात धरून पाहिला.

"काका, हे तुमच्या घरचं नाही."

"कशावरून?"

"एवढं तळण तुम्ही खाल्लं असतंत, तर मला बोलवायला उरला नसतात."

त्याचं म्हणणं असं होतं, की हा तेलकट गाळ मागच्या गल्लीतल्या चेंबरमधून उलटा आत येतोय. आता, इमारतीच्या कोपऱ्यावर एक मोठं हॉटेल होतं. हॉटेलच्या मोरीतलं तेल सरळ गटारात जाऊ नये म्हणून ते अडवायला एक टाकी असते. ती भरली की परवानावाला टँकर येतो, गाळ ओढून घेतो आणि गावाबाहेरच्या प्रक्रिया केंद्रात नेऊन देतो, असा नियम. काकांना हा नियम पाठ होता. हॉटेल उघडलं तेव्हा हरकत घ्यायला जागा सापडते का म्हणून त्यांनी तो वाचून काढला होता.

"तो टँकर ना?" काकू म्हणाल्या. "दुपारी आपल्या मागेच तर उभा असतो. पाइप चेंबरमध्ये सोडलेला असतो. मला वाटलं, पाणी भरून घेत असेल."

"गटारातून पाणी भरून घेतं का कुणी?"

"मी कधी टँकर चालवलाय?"



दुसऱ्या दिवसापासून काकांनी दुपारची झोप वर्ज्य केली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून ते बसले. एका दुपारी टँकर आला. चालकाने इकडेतिकडे पाहायचीही तसदी घेतली नाही. चेंबरचं झाकण सरकवलं, पाइप सोडला आणि तो सावलीला जाऊन उभा राहिला. पाइप हत्तीच्या सोंडेसारखा हिसके देऊ लागला. काका तसेच घरातल्या स्लिपरा घालून मागच्या दाराने धावले.

"हे काय चाललंय?"

टँकरवाला दचकेल, पळेल, निदान उर्मट बोलेल, अशी काकांची अपेक्षा होती. तिन्हींची उत्तरं त्यांनी तयार ठेवली होती. पण हा माणूस कमालीचा नम्र निघाला.

"अरे, काका! एवढ्या उन्हात कशाला आलात? हाक मारायची, मी आलो असतो."

"तुम्ही गाळ गटारात सोडताय!"

"गाळ नाही हो. वरचं वरचं पाणी. टँकर जरा हलका करतो, नाहीतर पुढच्या चढावर इंजिन धापा टाकतं."

"नियमावलीत स्पष्ट म्हटलंय, की अधिकृत केंद्राखेरीज अन्यत्र विल्हेवाट लावणारा वाहतूकदार दंडास पात्र राहील. परवानाही रद्द होऊ शकतो!"

"बरोबर आहे तुमचं," टँकरवाला मनापासून म्हणाला. "नियम पाळलाच पाहिजे. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय सगळं." तोवर पाइपाचे हिसके थांबले होते. त्याने पाइप गुंडाळला, काकांना नमस्कार केला आणि तो निघून गेला. चेंबरचं झाकण काकांनी लावलं. लावताना एक स्लिपर आत गेली.

माणसाने शिवी दिली तर ती परत देता येते. नमस्काराचं काय करायचं? काका एका पायाने उड्या मारत घरी आले ते लालबुंद होऊनच.

संध्याकाळी जिन्यात बैठक भरली. वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर म्हणाले, "फोटो काढा. फोटो हा सगळ्यात मोठा पुरावा."

समोरच्या वकीलबाईंनी डॉक्टरांकडे कीव करून पाहिलं. "फोटोत काय दिसणार? पाइप आणि भोक. पाइपातून काय जातंय ते फोटोला थोडंच कळतं? नमुना लागतो, नमुना!"

"मग घट्ट झाकणाच्या भांड्यात घ्या," डॉक्टर म्हणाले. "नमुना तोंडातला असो की गटारातला, पद्धत एकच."

"माझं एकही भांडं मिळणार नाही," काकू दारातूनच म्हणाल्या.

शेवटी गच्चीवर पडलेली एक रंगाची बादली सापडली. गॅलरीच्या गजांना निळा रंग दिला होता त्या वेळची. आतल्या बाजूला रंग वाळून त्याच्या कपच्या सुटल्या होत्या. झाकण दुसऱ्याच कुठल्या तरी बादलीचं होतं, पण दाबलं की बसल्यासारखं वाटायचं. जगातल्या निम्म्या गोष्टी अशाच चालतात, असं डॉक्टर म्हणाले. बाकीच्या निम्म्या कशा चालतात ते त्यांना कुणी विचारलं नाही.

सकाळी काकांनी रेनकोट चढवला, नाकाला रुमाल बांधला, बांबूला डबा बांधला आणि चेंबरमधून गाळ उपसला. थोडासा पुरला असता. पण "नमुना प्रातिनिधिक हवा," असं वकीलबाई गॅलरीतून ओरडल्या आणि काकांनी बादली अर्धी भरली. मग ती स्कूटरवर पायाशी ठेवून, दोन्ही पावलांनी आवळून धरून, ते आरोग्य विभागाच्या कार्यालयाकडे निघाले. काकू म्हणाल्या, "रिक्षाने जा." काका म्हणाले, "रिक्षावाला घेईल का?" नवरा-बायकोचं एकमत झाल्याचे प्रसंग त्या घरात थोडे. हा त्यांतला एक.

कार्यालयाच्या अगदी अलीकडे एक गतिरोधक होता.

स्कूटर उडाली, बादली उडाली, आणि झाकणाने आपण मूळचे या घरचे नव्हेच हे जाहीर करून टाकलं. निम्मा नमुना रस्त्यावर सांडला. मागून येणारा एक सायकलस्वार त्यावरून न पडता, पायडल न मारता, चेहऱ्यावर कमालीचं आश्चर्य घेऊन सरळ चौकापर्यंत गेला. त्याच्या मागोमाग वाहतूक पोलीस आला. तो मात्र पडला.

"काय आहे हे?" बसल्या जागेवरून त्याने विचारलं.

"पुरावा!" काका म्हणाले. "तेलकट गाळ वाटेल तिथे टाकला जातोय, त्याचा."

पोलिसाने आपल्या पँटकडे पाहिलं. रस्त्याकडे पाहिलं. "पटला," तो म्हणाला, आणि त्याने गाडीचा नंबर लिहून घेतला.

कार्यालयात जिन्यापर्यंत रांग होती. काका बादली घेऊन आत शिरले मात्र, रांग आपोआप दुभंगली. एरवी "आमचा नंबर आधी" म्हणून भांडणारी माणसं भिंतीला पाठ लावून "तुम्ही व्हा पुढे, व्हा पुढे" म्हणू लागली. आयुष्यात पहिल्यांदाच सरकारी कचेरीत आपला असा मान राखला जातोय असं काकांना वाटलं, आणि त्याच तोऱ्यात त्यांनी बादली निरीक्षकबाईंच्या टेबलावर ठेवली.

निरीक्षकबाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. मग त्या चक्क खूश झाल्या.

"वा! लोक येतात, नुसतं तोंडी सांगतात. तुम्ही मालच घेऊन आलात." त्यांनी एक छोटी बाटली काढली, तिच्यात चमचाभर गाळ घेतला, बूच लावून मोहोरबंद केली. गाळात निळ्या कपच्या दिसत होत्या, त्यांचीही नोंद केली. "आता सांगा. हा काढला कुणी?"

"मी."

"आणला कशावरून?"

"स्कूटरवरून."

"वाटेत सांडला?"

"थोडासा. गतिरोधकाला पांढरे पट्टे नाहीत, त्याबद्दलही माझी तक्रार..."

"वाहतुकीचा परवाना?"

काकांना वाटलं बाई गाडीचा परवाना मागताहेत. त्यांनी तो दिला. बाईंनी तो न पाहता परत केला. "गाळ वाहतुकीचा."

"अहो, मी तक्रारदार आहे!"

"तक्रारदार तुम्ही घरी होतात. गाळ स्कूटरवर ठेवलात तेव्हा वाहतूकदार झालात." त्यांनी नियमावलीचं पुस्तक उघडून व्याख्येवर बोट ठेवलं. "वाहतूकदार म्हणजे अशी कोणतीही व्यक्ती, जी कोणत्याही वाहनाने, कोणत्याही कारणासाठी, कोणत्याही प्रमाणात असा गाळ वाहून नेईल."

काकांनी ते वाचलं, परत वाचलं. तीन वेळा आलेलं 'कोणत्याही' पाहून त्यांच्यातला जुना विमावाला क्षणभर सुखावलासुद्धा. निसटायला बोटभर जागा नव्हती. असं कलम त्यांना स्वतःला कधी लिहायला मिळालं नव्हतं. मग हे कलम आपल्यालाच लागतंय हे ध्यानात आलं आणि त्यांचा तोल गेला.

"चोर सोडून संन्याशाला फाशी! तो माणूस टँकरच्या टँकर गटारात ओततोय, आणि तुम्ही मला पकडताय?"

"त्यांची चौकशी होईल. तुम्ही समोर आहात." बाई शांतपणे लिहीत राहिल्या. विनापरवाना वाहतूक. झाकणबंद वाहन नसणे. रस्त्यावर सांडणे. अधिकृत केंद्राखेरीज अन्य ठिकाणी गाळ पोचवणे.

"हे शेवटचं काय? कुठे पोचवला मी?"

"इथे. हे कार्यालय अधिकृत केंद्र नाही."

काकांनी बादली उचलली. "ठीक आहे. घेऊन जातो परत."

"नेलीत तर दुसरी फेरी. दुसरा गुन्हा."

"मग इथेच राहू द्या!"

"ठेवता येणार नाही. दुर्गंधी."

काका बादली धरून तसेच उभे राहिले. खाली ठेवली तर गुन्हा, नेली तर गुन्हा. हातात धरून उभं राहण्याबद्दल नियमावली काही म्हणत नव्हती. पण माणसाने असं किती वेळ उभं राहावं? शेवटी बाईंनाच दया आली. परवानाधारक वाहतूकदाराला बोलावून रीतसर बादली द्यायची, एवढा एकच मार्ग होता. आणि या भागात परवानाधारक वाहतूकदार एकच होता.

"काका!" टँकरवाला दारातूनच म्हणाला. "तुम्ही इथे? आणि हे जड कशाला उचललंत तुम्ही?"

"हाच तो!" काका ओरडले. "यालाच पकडायला आलोय मी!"

"यांचे सगळे कागद बरोबर आहेत," निरीक्षकबाई म्हणाल्या.

टँकरवाल्याने हातमोजे घातले, बादलीला चिठ्ठी लावली, पावती फाडली, काकांकडून रीतसर पैसे घेतले आणि बादली नेऊन टँकरमध्ये रिकामी केली. स्कूटर विनापरवाना वाहतुकीचं वाहन म्हणून जप्त झाली होती. "घरी सोडू का?" त्याने अगत्याने विचारलं. "मी तिकडेच चाललोय."

तो तिकडे का चाललाय हे काकांना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी मान फिरवली. बसच्या कंडक्टरने त्यांना पायरीवरच थांबवलं, "रेनकोटात काय आहे?" असं विचारलं आणि उत्तर यायच्या आत घंटी मारली. काका चालत घरी आले. त्यांचं न्हाणीघर तुंबलेलंच असल्यामुळे आंघोळ डॉक्टरांकडे करावी लागली. डॉक्टरांच्या बायकोने त्यांना वेगळा साबण दिला आणि तो परत घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात पुन्हा एक लोट वर आला. काका फरशीवर उकिडवे बसून त्याच्याकडे बघत होते. आपल्याच बादलीतला उरलेला गाळ परत घरी आला आहे, अशी त्यांची खात्री पटत चालली होती. काकू दारात उभ्या होत्या.

"हे निळं काय आहे हो त्यात?"

काकांनी वाकून पाहिलं. नाकाचा रुमालही काढला. गाळात निळ्या रंगाच्या कपच्या तरंगत होत्या. गॅलरीच्या गजांच्या.

"अगं!" काका असे ओरडले, की वरून डॉक्टर धावत आले. "रीतसर पावती देऊन नेलेला गाळ हा! प्रक्रिया केंद्रात जायला हवा होता, आणि आलाय माझ्या न्हाणीघरात! आता कुठे जाईल बेटा?"

या वेळी मात्र त्यांनी गाळाला हात लावला नाही. वकीलबाईंनी फोन करून निरीक्षकबाईंनाच घरी बोलावलं, आणि निरीक्षकबाईंनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या बाटलीत, स्वतःच्या परवान्यावर नमुना नेला.

सुनावणीला काका इस्त्रीचे कपडे घालून गेले. बरोबर काकू. सुनावणी घेणारे मोठे साहेब वयाने काकांच्या मुलासारखे होते, आणि स्वभावाने फारच चांगले. हा चांगुलपणाच पुढे अंगाशी आला.

"आजोबा, बसा," ते म्हणाले. इथेच पहिली ठिणगी पडली. "तुमच्यावर चार कलमं आहेत. पण वय बघता आपण ताणायचं नाही. 'जे घडलं ते अज्ञानाने घडलं' एवढं लिहून द्या. ताकीद देऊन सोडतो. स्कूटरही आजच घेऊन जा."

काकूंनी सुटकेचा निःश्वास टाकला. पलीकडच्या बाकावरून टँकरवाला म्हणाला, "सोडाच साहेब काकांना. भोळा माणूस आहे. त्यांना काय कळतंय बादलीत काय होतं ते!"

काकांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो आज जरा जास्तच नम्र दिसत होता. "एक विचारू?" काका साहेबांना म्हणाले. "मी अज्ञान लिहून दिलं, तर त्या निळ्या कपच्यांचं काय?"

साहेबांनी कागद चाळले. जरा अडखळले. "म्हणजे, बादलीत नेमकं काय होतं हेच तुम्हाला माहीत नव्हतं, असं होईल. मग ती बादली आणि तुमच्या घरातला गाळ यांचा संबंध जोडणं जरा... अवघड जाईल."

"आणि हे सुटतील."

"शक्यता आहे. पण तुम्हीही सुटाल ना!"

"लिहा हो," काकू हळूच म्हणाल्या. "एक शब्द तर आहे."

एक शब्द! पण कोणता? आयुष्यभर ज्याने लोकांना "आपण अटी वाचल्या नाहीत, त्याला कंपनी जबाबदार नाही" असं ऐकवलं, त्याने म्हातारपणी स्वतःच्या अक्षरात 'अज्ञान' लिहायचं? खरं सांगायचं तर व्याख्येचं कलम काकांनी त्या दिवसापर्यंत वाचलं नव्हतं. काकूंना ते पक्कं माहीत होतं. पण माहीत असलेलं सगळंच चारचौघांत बोलायचं नसतं, हेही काकूंना माहीत होतं.

काका उठून उभे राहिले.

"बादली माझी. निळा रंग माझा. बादलीत तेलकट गाळ होता, तो मी माझ्या हाताने काढला, मी वाहिला, मी सांडला, आणि तो गाळ आहे हे पुरेपूर ठाऊक असताना इथे आणला. तोच गाळ या माणसाने पावती देऊन नेला आणि माझ्या घरामागे ओतला. मला काय शिक्षा करायची ती करा. पण अज्ञानी म्हणायचं काम नाही!"

टँकरवाल्याचा नमस्कारासाठी उचललेला हात तसाच राहिला. "काका," तो पहिल्यांदाच खऱ्या आवाजात म्हणाला, "माझ्यासाठी तुम्ही स्वतःला अडकवून घेतलंत?"

"तुमच्यासाठी नाही! न्हाणीघरासाठी!"

निकाल त्याच बैठकीत लागला. टँकरवाल्याला दंड, परवाना निलंबित, आणि गल्लीतलं गटार त्याने स्वखर्चाने साफ करून द्यायचं. हॉटेलमालकाला नोटीस. इथवर काकांची मान ताठ होत गेली. मग साहेबांनी काकांच्या दंडाचा आकडा वाचला. काकांना वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"माझा दंड त्याच्यापेक्षा जास्त?"

"त्यांच्यावर एकच कलम सिद्ध झालं. तुमच्यावर चार. आणि चारही तुम्ही आत्ताच कबूल केलीत."

"अहो, त्याचा टँकर, माझी अर्धी बादली!"

"त्यांच्या टँकरला झाकण होतं," साहेब दिलगिरीने म्हणाले.

काका अपील करायला निघाले होते. स्वतःचा दंड कमी व्हावा म्हणून नव्हे, त्याचा वाढावा म्हणून. काकूंनी त्यांच्या शर्टाची बाही धरली आणि थेट रोखपालाच्या खिडकीशी नेलं. आत एक मुलगी संगणकावर पावत्या करत होती.

"नाव?"

काकांनी सांगितलं.

"व्यवसाय?"

"निवृत्त."

मुलीची बोटं थांबली. तिने काचेआडून एकदा आदेशाचा कागद पाहिला, एकदा काकांचे पांढरे केस पाहिले, आणि अतिशय आदराने विचारलं,

"गाळ वाहतुकीतूनच का?"

इतके दिवस नाकाला पदर लावून सगळं सोसणाऱ्या काकू एकदम फुटल्या. खिडकीची कड धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. रांगेतली माणसं बघायला लागली. मुलगी घाबरून "सॉरी आजोबा, सॉरी" म्हणू लागली. काकांनी मनातल्या मनात कलम शोधून पाहिलं. मग छाती पुढे काढून म्हणाले,

"हो. लिहा तसंच. आणि 'विनापरवाना' लिहायला विसरू नका."